मे महिन्यात खाडीवर कोण उरते?

उत्तरेकडचे पक्षी थंडीत आपल्याकडे येतात आणि ऊन तापू लागले की परत जातात, हे शाळेच्या पुस्तकापासून पक्ष्यांच्या जाडजूड ग्रंथांपर्यंत सगळीकडे वाचायला मिळते. म्हणूनच आपल्याकडच्या बहुतेक पक्षीनिरीक्षण गटांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास दुर्बिणी कपाटात जातात. पण मेच्या मध्यावर ठाणे खाडीच्या काठी, शिवडीला किंवा ऐरोलीला, पाणी उतरत असताना चिखलावर नजर टाकली तर शेकड्यांनी पक्षी चरताना दिसतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असतातच. पण त्यांच्या पायांशी लहानमोठे तुतवार, चिखले, कुरल असे उत्तरेकडचे पक्षीही असतात. त्यांतले काही विटकरी लाल असतात, काही अगदी फिके करडे. हे मागे राहिलेले आजारी पक्षी आहेत, वाट चुकलेले आहेत, की पुस्तकातच काही राहून गेले आहे?

पुस्तकात राहून गेले आहे. ‘थंडीत येतात, उन्हाळ्यात जातात’ हा नियम तळ्यांना आणि धरणांच्या फुगवट्यांना बराचसा लागू पडतो, खाडीला मात्र अर्धाच. किंबहुना स्थलांतर चालते कसे, हे समजून घ्यायचे असेल तर एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचा काळ डिसेंबरपेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे. आणि त्या दिवसांत खाडीवर एकट्यादुकट्याने जाण्यापेक्षा गटाने गेलेले बरे. फक्त त्या गटाने दोन गोष्टी मानल्या पाहिजेत: एक भरती-ओहोटी, दुसरे ऊन.

तळे आटते, चिखल आटत नाही

देशावरचे तळे मेपर्यंत आक्रसते. काठाचा गाळ वाळून भेगाळतो, त्यातले किडे-अळ्या संपतात आणि पक्ष्यांना तिथे थांबण्याचे कारण उरत नाही. खाडीचे तसे नाही. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. त्यामुळे चिखल उन्हात कितीही तापला तरी काही तासांत तो पुन्हा ओला होतो. या चिखलात वळ्यावळ्यांचे सागरी किडे, बारीक शिंपले, गोगलगायी, लहान खेकडे आणि निवट्या राहतात. वरच्या पातळ थरात सूक्ष्म शैवालांचा साय धरल्यासारखा लेप असतो आणि सगळ्या अन्नसाखळीची सुरुवात तिथून होते. ठाणे खाडीत तर शहराच्या सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येऊन मिळतात, म्हणून शैवाल जास्तच माजते. ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. पण शैवाल गाळून खाणाऱ्या छोट्या रोहितांना तेच मानवले आहे. १९९० च्या दशकापासून त्यांचे थवे इथे येऊ लागले आणि आता चांगल्या वर्षी त्यांची गणती लाखाच्या घरात जाते. २०१५ मध्ये खाडीच्या एका भागाला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली.

एकाच चिखलावर इतक्या जातींचे पोट कसे भरते, याचे उत्तर चोचींत आहे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात. तो धावतो, थबकतो, पृष्ठभागावर हललेले काही दिसले की टिपतो. तुतवाराची चोच मध्यम. तो वरचा इंच-दीड इंच थर चाचपत जातो. कुरलाची लांब, वाकडी चोच खेकड्याच्या बिळात पार तळापर्यंत पोहोचते. तुतवारांच्या आणि पाणटिवळ्यांच्या चोचीच्या टोकाशी दाब ओळखणारी सूक्ष्म संवेदनाग्रे दाटीने असतात, त्यामुळे चिखलात दडलेला शिंपला त्यांना न दिसताही कळतो. आणखी एक सोय म्हणजे यांतल्या अनेकांना चोच पूर्ण न उघडता केवळ वरच्या चोचीचे टोक उचलता येते, म्हणजे गाळ तोंडात न जाता नेमका किडा धरता येतो. खाण्याबरोबर पोटात जाणाऱ्या मिठाचा निचरा डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी करतात. खारे थेंब नाकपुड्यांवाटे बाहेर पडतात. खाऱ्या पाण्यावर बारा महिने राहण्याची शरीराची तयारी आहे ती अशी.

निघण्यापूर्वीची तयारी

एप्रिल-मेमध्ये खाडीवर दिसणाऱ्यांचा पहिला गट निघण्याच्या बेतात असलेल्यांचा. कर्ल्यू सँडपायपर, म्हणजे बाकदार चोचीचा छोटा तुतवार, हे त्याचे उत्तम उदाहरण. डिसेंबरात हा पक्षी इतका करडा असतो की नवख्याला तो चारपाच जातींतून वेगळा काढता येत नाही. फेब्रुवारीपासून त्याची अंगावरची पिसे बदलू लागतात आणि एप्रिलच्या अखेरीस चेहऱ्यापासून पोटापर्यंत तो विटेसारखा लाल होतो. पाणटिवळ्याची मान तांबूस होते, करड्या चिखल्याचे पोट काळेभोर होते, वाळूत वावरणाऱ्या सँड प्लोव्हरच्या छातीवर नारिंगी पट्टा उमटतो. हा पोशाख विणीच्या जागेसाठी असतो. आपल्याकडे तो दिसतो तो निघण्याआधीच्या थोड्याच आठवड्यांत. नवशिक्यांना ओळख शिकवायची असेल तर हे दिवस सोडणे म्हणजे सोपा धडा टाळून अवघड धडा आधी घेणे होय.

रंगाबरोबर शरीरही बदलते, पण ते दुर्बिणीतून सहज दिसत नाही. लांब पल्ल्याचे हे पक्षी निघण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत इतके खातात की काही जातींचे वजन जवळपास दुप्पट होते. वाढलेले वजन मुख्यतः चरबीचे असते, कारण एक ग्रॅम चरबीतून एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. उड्डाणाची वेळ जवळ आली की पंखांचे स्नायू आणि हृदय वाढते, तर जठर आणि आतडी आक्रसतात; हवेत खायचे नसते, मग पचनसंस्थेचे ओझे वाहून काय करायचे? या तयारीला दिवस पुरत नाही. म्हणून हे पक्षी रात्रीच्या ओहोटीलाही चरतात. मेमध्ये चिखलावर भान हरपून खाणारा तुतवार दिसला तर त्याच्यासमोर मध्य आशियावरून सैबेरियाच्या टुंड्रापर्यंतचा प्रवास आहे, हे लक्षात ठेवावे. तिथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही, डास-चिलटांचे ढग उठतात आणि पिलांना चोवीस तास खाणे मिळते. पण हा मोसम फार थोडा काळ टिकतो. कर्ल्यू सँडपायपरचा नर तर अंडी उबवण्याच्या कामात पडतच नाही. जुलैच्या सुरुवातीलाच तो दक्षिणेची वाट धरतो. जुलैअखेर-ऑगस्टमध्ये हे पक्षी आपल्या किनाऱ्यांवर पुन्हा दिसू लागतात. म्हणजे ज्यांना आपण हिवाळी पाहुणे म्हणतो, ते वर्षातला मोठा भाग विणीच्या जागेपासून दूर, आपल्याकडच्यासारख्या चिखलावर काढतात.

जे जातच नाहीत

लाल पक्षी निघून गेले की जूनच्या तोंडावर करडे उरतात. हा दुसरा गट, आणि मला सर्वांत उद्बोधक वाटतो तो हाच. हे बहुतांशी मागच्या वर्षी जन्मलेले पक्षी असतात. बारावीनंतर प्रवेश परीक्षेची तयारी झालेली नाही असे वाटले तर आपल्याकडची मुले एक वर्ष ‘ड्रॉप’ घेतात. हा हिशेब तोच. फरक इतकाच की पक्ष्याच्या बाबतीत अपुऱ्या तयारीने परीक्षेला बसण्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

तयारी कोणत्या बाबतीत अपुरी असते? पहिली बाब पंखांची. पिलाची उड्डाणपिसे टुंड्रावर घाईघाईत वाढलेली असतात. त्याच पिसांवर ते हजारो किलोमीटर उडून येते, आणि मग आठ-नऊ महिने ऊन, मीठ आणि वाळू यांच्या माऱ्यात ती झिजतात. प्रौढ पक्षी इथे आल्यावर नवी उड्डाणपिसे काढून घेतो. कोवळ्या पक्ष्याची बहुधा जुनीच राहतात किंवा अर्धवट बदलतात. दुसरी बाब खाण्याची. चिखलात कुठे चाचपावे, मोठ्यांच्या दांडगाईतून जागा कशी मिळवावी, हे शिकायला वेळ लागतो, त्यामुळे लागणारी चरबी वेळेत साठत नाही. काही अभ्यासकांनी परजीवी जंतूंच्या संसर्गाचेही कारण पुढे केले आहे. आणि इतके करून समजा तो पोहोचलाच, तरी हाती काय लागते? कुरल, व्हिम्ब्रेल यांसारखे मोठ्या चणीचे पक्षी दोन-तीन वर्षांचे झाल्याशिवाय सहसा वीण करत नाहीत. कुरल वीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. एवढ्या आयुष्यात एक-दोन उन्हाळे खाडीवर काढणे हा तोट्याचा सौदा नव्हे, विशेषतः मोठे निघून गेल्यावर सगळा चिखल मोकळा झालेला असताना.

यावर एक रास्त आक्षेप येतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पट्टेरी शेपटीच्या एका पाणटिवळ्याने अलास्कापासून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापले. उपग्रह टॅगमुळे हे कळले. तो पक्षी जेमतेम पाच महिन्यांचा होता. मग कोवळ्या पक्ष्यांना जमत नाही, असे म्हणायचे कसे? पण हा दाखला बारकाईने पाहिला तर उलट बाजूला जातो. तो पक्षी दक्षिणेकडे निघाला होता, नव्या कोऱ्या पिसांवर. आणि मागे राहिला असता तर गोठूनच मेला असता. त्याला जाणे भाग होते. वसंतात उत्तरेकडे परतण्याची तशी सक्ती नसते आणि पिसेही तेव्हा नवी नसतात. उडण्याची ताकद दोन्ही वेळी असेलही, पण नफा-नुकसान दोन्ही वेळी सारखे नाही.

उरलेले पक्षी आजारीच असणार, ही दुसरी शंका. काही असतातही. पण आजार वय पाहून येत नाही. केवळ आजारी पक्षीच मागे राहत असते तर जूनच्या थव्यात लाल प्रौढ पुष्कळ दिसले असते, आणि लहान-मोठ्या सर्व जाती सारख्याच प्रमाणात उरल्या असत्या. तसे दिसत नाही. लिटल स्टिंटसारखा चिमणीएवढा पक्षी, जो पहिल्याच वर्षी वीण करू शकतो, उन्हाळ्यात फार कमी उरतो. कुरल आणि करडे चिखले मात्र तुलनेने जास्त उरतात. ‘ड्रॉप’ वर्षाचे स्पष्टीकरण खरे असेल तर असेच दिसायला हवे.

जे इथेच अंडी घालतात

तिसरा गट स्थानिकांचा. शेकाट्या, टिटवी, केंटिश चिखल्या, छोटा सुरय यांची वीण भर उन्हाळ्यात होते. मिठागरांचे बांध, उघडा चिखल किंवा वाळू यांवर एक खळगा, त्यात चार काड्या-काटक्या, आणि मातीच्या रंगाची ठिपकेदार अंडी. मिठागरावरची जमीन दुपारी इतकी तापते की अंडे थोडा वेळ उघडे राहिले तरी आतला जीव मरू शकतो. म्हणून इथे घरट्यावर बसण्याचे काम ऊब देण्यापेक्षा सावली धरण्याचे असते. शेकाट्या आणि टिटवी जवळच्या पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. पाण्याची वाफ होताना अंडे गार राहते. पक्ष्यांना घाम येत नाही, त्यामुळे स्वतःची उष्णताही ते चोच उघडून धापा टाकत, गळ्याची त्वचा फडफडवत आणि उघड्या पायांवाटे बाहेर टाकतात. दुपारी पाण्यात गुडघाभर उभा असलेला पक्षी त्या वेळी शरीर थंड करण्याच्या कामात असतो.

वेळ पाण्याची, आपली नव्हे

उन्हाळी सहली फसतात त्या बहुधा पक्षी नसल्यामुळे नव्हे, वेळ चुकल्यामुळे. आपण सुट्टी पाहून, फार तर सूर्योदय पाहून निघतो. खाडीचे पक्षी सूर्याइतकेच चंद्राच्या तंत्राने चालतात. चंद्राच्या ओढीमुळे समुद्राला दोन बाजूंनी फुगवटा येतो आणि पृथ्वी फिरताना मुंबईचा किनारा दिवसातून दोनदा त्या फुगवट्याखालून जातो. दरम्यान चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याला गाठायला पृथ्वीला रोज सुमारे पन्नास मिनिटे जास्त लागतात आणि भरती रोज तेवढी उशिरा येते. कोकणात परंपरेने वापरला जाणारा हिशेब यावरच उभा आहे: तिथीची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल त्या सुमारास पूर्ण भरती, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते. अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते, त्याला भांग म्हणतात.

पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेबरोबर इतके लांब जातात की त्यांचे ठिपके होतात. पूर्ण भरतीला चिखलच नसतो. मग पक्षी मिठागरांत, तळ्यांत, कांदळवनापलीकडच्या उघड्या पाणथळीत विसाव्याला जातात. नवी मुंबईतल्या नेरूळची तळी किंवा उरणचे पाणजे टिकले पाहिजेत असे पक्षीतज्ज्ञ सांगतात त्याचे कारण हेच. विसाव्याची जागा गेली की खाडीचा चिखल शाबूत राहूनही उपयोगाचा राहत नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम वेळ या दोन टोकांच्या मधली. भरती चढत असताना पाणी पक्ष्यांना आपल्या दिशेने ढकलत आणते. भरती उतरू लागली की काठाजवळचा चिखल आधी उघडा पडतो आणि पक्षी आधी तिथेच उतरतात.

आता यात ऊन मिळवा. सकाळी नऊ-दहानंतर तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बीण जितकी ताकदवान, तितकी ती थरथर मोठी दिसते. म्हणून उधाणाचा दिवस उन्हाळ्यात फारसा कामाचा नाही: सकाळी सहाला सर्वांत मोठी ओहोटी, पक्षी लांब, आणि ते जवळ येईपर्यंत भर दुपार.

> चौकट: तिथीवरून बेत
> द्वादशीला बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊच्या सुमारास भरती. साडेसहाला पोहोचल्यास चढते पाणी मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी उतरते पाणी. पंचमीला दुपारी पावणेचारची भरती, तेव्हा संध्याकाळ धरावी. ऐरोली-नेरूळकडचा काठ पश्चिमेला तोंड करून आहे, तिथे सकाळी सूर्य पाठीशी असतो. शिवडीला तो संध्याकाळी पाठीशी येतो. हिशेब अंदाजाचा आहे आणि खाडीत आतवर भरती थोडी उशिरा पोहोचते, तेव्हा भरतीचे वेळापत्रक पाहूनच नक्की करावे.

गट हवाच कशाला?

पक्षी पाहणे हा एकांताचा छंद आहे, गर्दीने पक्षी बुजतात, आणि उन्हाळ्यात तर त्यांचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला असतो, असे म्हणणारे बरेच आहेत. त्यांची काळजी खोटी नाही. चरणारा थवा एकदा उडाला की साठवलेली चरबी खर्ची पडते आणि खाण्याची मिनिटे जातात. मिठागराच्या बांधावरून वीस माणसे चालत गेली तर शेकाट्या घरट्यावरून उठतो आणि अंडी उन्हात पडतात. छायाचित्रासाठी चार पावले पुढे सरकणारा एक जण सगळ्यांचा दिवस बिघडवतो, हेही खरे.

पण यातून निष्कर्ष निघतो तो गट कसा असावा याचा. एका जागी, धक्क्यावर किंवा झाडांच्या आडोशाला स्थिर उभा असलेला दहा जणांचा गट, चिखलाच्या कडेने भटकणाऱ्या दोघांपेक्षा कमी त्रास देतो, कारण पक्षी माणसांच्या संख्येपेक्षा त्यांच्या हालचालीला बुजतात. पक्ष्यांनी चरणे थांबवून माना वर केल्या, की अंतर कमी झाले असे समजून मागे सरावे. विणीच्या बांधांवर मात्र गटाने जाऊच नये. इथे तडजोड नको. खाडीकडे पाहण्यासाठी धक्का पुरेसा आहे. भरतीच्या वेळी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडीही मिळते.

शिवाय खाडीवरची मोजणी एकट्याच्या आवाक्यातली नसते. हजारांचा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेचा अंदाज डोळ्यांत बसवतात, मग त्यावरून शंभराचा, आणि शंभरशंभराचे तुकडे करत पुढे सरकतात. तिघांनी वेगवेगळे मोजून आकडे जुळवले तर ढोबळ चूक लगेच उघडी पडते. एकाने मोजावे, एकाने लिहावे, एकाने पक्ष्यांच्या पायांतल्या खुणेच्या रंगीत पट्ट्या शोधाव्यात. एका पट्टीवरचा क्रमांक वाचता आला तर तो पक्षी कुठे आणि कधी पकडून सोडला होता हे कळू शकते.

अशा मोजणीची गरज उन्हाळ्यात जास्त आहे. १९८७ पासून चालत आलेली आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत होते, त्यामुळे हिवाळ्याचे आकडे वर्षानुवर्षांचे हाती आहेत. मे-जूनमध्ये किती पक्षी थांबतात, त्यांत लाल किती, करडे किती, हे त्या गणनेत येत नाही. आणि एखाद्या खाडीवर उन्हाळ्यात पक्ष्यांची नोंदच नसेल, तर ती त्या काळात ‘रिकामी’ असते असे कागदावर दाखवून बांधकामाचा हंगाम तिथे लावणे सोपे जाते. मेच्या दुसऱ्या शनिवारी जगभर ग्लोबल बिग डे ही एका दिवसाची पक्षीनोंदणी होते आणि जागतिक स्थलांतरित पक्षी दिनही त्याच दिवशी असतो. त्या शनिवारची तिथी आधी पाहून घ्या, पाऊणपट करून वेळ ठरवा, टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जातीपुढे केवळ आकडा न लिहिता लाल किती आणि करडे किती तेही लिहा.